सुंदर जखम

भात झोडताना माझ्या डाव्या डोळ्यात कुसळ घुसलं. तेव्हा टोकावड्याच्या दवाखान्यात मुंबईहून डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. भातशेतीत बुबुळाला होणाऱ्या जखमांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. आई मला तिथे घेऊन गेली. बाईंनी नावगाव विचारलं नाही. पापणी वर करून भिंगातून पाहिलं आणि त्या आनंदाने ओरडल्या, "अहाहा, काय सुंदर जखम आहे!"

आई भडकली. "माज्या पोराचं लगीन ठरलंय, त्याचा डोळा चाललाय, आनि तुमाला सुंदर दिसतंय?"

बाई ओशाळल्या. मग मात्र रोज घरी येऊन स्वतःच्या हाताने औषध घालत राहिल्या. डोळा वाचला, लग्नही झालं. बुबुळावर बारीकसं पांढरं फूल तेवढं राहिलं.

बऱ्याच वर्षांनी बाई मुरबाडच्या एसटी स्टँडवर कल्याणच्या गाडीची वाट बघताना भेटल्या. मी नमस्कार केला, पण त्यांना ओळख पटेना. शेवटी माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड उन्हाकडे वळवलं आणि पापणी उचलली.

"अरे, टोकावडे!" त्या खुलल्या. "चेहरे सगळे सारखेच असतात हो. बुबुळ बघितल्याशिवाय मला माणूस कळत नाही."

शेजारचा म्हातारा पुढे सरकला. "बाय, माजा पन बघा की."

त्याच्यामागे रांगच लागली. कल्याणची एसटी आली, भरली, निघून गेली. मी बाईंची पिशवी धरून उभा होतो. गाडी गेल्याचं सांगायचं माझ्या जिवावर आलं.