वन्संची थांबलेली पेशी

आमच्या वन्संना गॅसवरच्या दुधाकडे बघायला सांगायचं, म्हणजे ओटा पुसायचं फडकं आधीच हातात घ्यायचं. दोन मिनिटं एका जागी थांबणं त्यांच्या रक्तातच नाही. आणि नोकरी काय, तर प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपपुढे बसून पेशींवर नजर ठेवायची. तेवीस वर्षं. त्यांच्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, हे अजून खरं वाटत नाही.

परवा सकाळी वन्सं जवळचा चष्मा घरीच विसरल्या, म्हणून तो द्यायला मी गेले. खोली कपाटाएवढी आणि उबदार. पडद्यावर काळ्यात हिरव्या ठिपक्यांसारख्या पेशी, प्रत्येकीला पुढे एक लांब सोंड.

"चष्मा दे आणि हलू नकोस."

"मी हलले तर त्या पळतील का?"

"एक पळाली तरी तुझ्या तोंडात साखर पडो, वहिनी."

यंत्रात उंदराच्या गर्भाच्या मेंदूची पातळ चकती जिवंत ठेवली होती. मेंदूच्या वरच्या थरातल्या बहुतेक पेशी त्या थराच्या खालीच जन्मतात आणि सरळ वर चढतात. इतरांना आवरणाऱ्या, 'पुरे आता' म्हणणाऱ्या पेशी मात्र लांब कुठेतरी खालच्या अंगाला जन्मतात आणि आडव्या वाटेनं मजल दरमजल करत येतात; पडद्यावरच्या हिरव्या त्या ह्याच. त्या पोचल्या नाहीत तर मेंदूत सगळेच एकदम बोलत सुटतात. हे वन्संनी मला मागेच सांगितलं होतं. "म्हणजे आपलं जेवणाचं टेबल," मी म्हटलं होतं.

प्रयोगशाळेच्या सरांचा नियम असा, की तासभर हलली नाही ती पेशी मेली, मोजणीतून काढा. वन्संनी सहा वर्षांत अशा शेकडो काढल्या. पण अलीकडे त्यांना वाटायला लागलं, की त्यातल्या काही मेल्या नसून नुसत्या थांबल्या असतील. "वाटून काय उपयोग? चित्रण दाखवा," सर म्हणाले. त्या दिवशी एक पेशी दीड तास ढिम्म होती, आणि अकराला यंत्रावर दुसऱ्यांची पाळी होती.

अकराला हृदयाच्या पेशींवर काम करणाऱ्या बाई दारात हजर.

"ऊठ. मेलीये ती तुझी."

"मेली असती तर सोंड आखडली असती. टोक बघा, वळवळतंय."

"मला नाही दिसत."

"माझा चष्मा लावून बघा."

"मागच्या वेळी तुझ्या एका तासात माझं जेवण बुडलं होतं."

वन्संनी डबा पुढे सरकवला. मी पहाटे उठून केलेला डबा, मला न विचारता. बाईंनी झाकण उघडून वास घेतला.

"पाऊण तास. वर एक मिनिट नाही."

यंत्र दर पाच मिनिटांनी एक चित्र काढत होतं. वन्सं पापणीही लववत नव्हत्या. दूध बघताना ही बाई कुठे असते, मला कळेना. सातव्या चित्रात सोंडेला बगलेतून एक नवा फाटा दिसला. आठव्यात तो लांबला आणि जुना आखडला. नवव्यात पेशीच्या पोटातला गोळा, म्हणजे केंद्रक, टुणकन नव्या फाट्यात शिरला.

वन्सं चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

"बरं, जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "आता ऊठ."

सरांनी चित्रण तीनदा पाहिलं आणि म्हणाले, "मग आधी काढून टाकलेल्या सगळ्या पुन्हा बघाव्या लागतील." सगळ्या, म्हणजे सहा वर्षांच्या.

"हौसेनं पायावर धोंडा मारून घेतलात," संध्याकाळी मी म्हटलं.

"हो ना," वन्सं म्हणाल्या. इतक्या खुशीत, की त्या समोरच उभ्या असूनही दूध उतू गेलं ते मलाच दिसलं.

मी त्यांना आणखी एक चष्मा करून दिलाय. तो आता प्रयोगशाळेतच राहतो. डबेही दोन जातात.