घड्याळवाल्यांचा विक्रम

घड्याळवाल्यांचा तोरा दोन गोष्टींवर उभा होता. त्यांच्या हातून दुरुस्त झालेलं घड्याळ मागे पडत नसे, आणि घरातल्या जुन्या व्हिडिओ गेमवर सोळाव्या लेव्हलपर्यंत त्यांच्याशिवाय कुणी पोचलं नव्हतं. पहिली गोष्ट गिऱ्हाईकं सांगत. दुसरी ते स्वतःच सांगत, कुणी न विचारता, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा.

मध्ये एकदा तो सेट बंद पडला होता. तेव्हा त्यांनी भंगारातल्या कुठल्याशा यंत्रातला क्रिस्टल, म्हणजे सेटला ठेका देणारा इवलासा भाग, काढून आत बसवला. सेट उठून बसला. चित्रातले रंग तेवढे गेले. "जुन्या मालाची शान असते ती," असं म्हणत ते काळ्यापांढऱ्या बागेत काळीपांढरी फळं वेचत राहिले.

एका रविवारी मेहुणी नवाकोरा नकली सेट घेऊन आली. त्यावर जुन्याच कॅसेट चालत, आणि रंगीत.

"बसा भाऊजी, दाखवा तुमचा पराक्रम."

भाऊजी बसले आणि पहिल्याच खड्ड्यात गेले. दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्या खेपेला तर खड्ड्याच्या आधीच एका कासवाने त्यांना उडवलं.

"डुप्लिकेट माल!" ते कडाडले. "बघ कसा उधळलाय! माझा सेट इतकी वर्षं भरवशाने चालतोय, आणि हा..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणून मेहुणी बहिणीला चहात मदत करायला आत गेली.

हे जिव्हारी लागलं. घड्याळवाल्यांनी स्टॉपवॉच काढलं. गेममध्ये प्रत्येक लेव्हलला शंभर सेकंद उलटे मोजले जात. नकली सेटवर त्याला बरोबर शंभर सेकंद लागले. त्यांच्या लाडक्या सेटवर एकशे एकोणीस. जन्मात पहिल्यांदा त्यांना घड्याळाचाच संशय आला, म्हणून त्यांनी दुसरं आणलं. तेही एकशे एकोणीसच म्हणालं. ठेका चुकवणारा क्रिस्टल त्यांनीच बसवलेला. आपलेच दात, आपलेच ओठ.

खोली रिकामी होती. खोटं बोलावंसं त्यांना फार फार वाटलं. पण मागे पडणाऱ्या घड्याळाला बरोबर म्हणणं काही त्यांच्याच्याने होईना.

"तुझा सेट बरोबर आहे," चहा आल्यावर ते मेहुणीला म्हणाले. "माझाच मागे पडतो."

"असं? बघू तरी." मेहुणी जुन्या सेटसमोर बसली. सवयीपेक्षा सगळंच सावकाश सरकत होतं. मधूनमधून जांभया देत, एका हाताने कप धरत ती बाविसाव्या लेव्हलला पोचली. घड्याळवाल्यांना चक्क रडू आलं. ते त्यांनी चष्मा पुसण्यात लपवलं.

बायकोला दया आली. "अहो, योग्य तो क्रिस्टल टाकून दुरुस्त करा ना तो सेट एकदाचा."

"खबरदार कुणी हात लावाल तर!" घड्याळवाल्यांनी सेट पोटाशी धरला. "आधी मला हिचा विक्रम मोडू दे!"