हुंकार थांबला त्या पानावर

मी दुसरीपर्यंत शिकलो, पण गोष्ट कशी सांगायची हे मला कुणी शिकवायची गरज नाय. आमच्या कोंडाणे गावाकडं नियम हाय. सांगणाऱ्यानं वाक्य संपवून थांबायचं, ऐकणाऱ्यानं ‘हुं’ म्हणायचं, मग पुढं जायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. नात लहान होती तवा मी सांगायचो, ती हुंकार द्यायची. कर्जतच्या कॉलेजात गेली नि उलटं झालं.

तिला एका जाड कादंबरीवर निबंध लिहायचा होता. काळ्या रानात शिरलेल्या पोरीची कादंबरी. रानात दरवाजे, आणि दरवाजा उघडायचा तर आपल्याजवळचं काहीतरी देऊन टाकायचं. पोरीनं आधी सावली दिली, मग आईनं ठेवलेलं नाव, मग आईचा आवाज. देत देत ती मोठी होत गेली. नात पडवीत बसून वाचायची, मी सुपारी कातरत हुंकार द्यायचो.

“हा तर चकवा,” मी म्हणालो. “कापडं उलटी करून घातली की वाट सापडते. लेखकाला एवढं ठाव नाय?”

“आजा, तिला वाट सापडली तर पुस्तक पहिल्याच पानावर संपंल रं.”

“आणि त्या रानातला राक्षस कुठं हाय? तो जवळ आला की नुसता ओल्या राखेचा वास येतो म्हणतोय लेखक.”

“मुद्दाम लपवलाय. ज्याचा त्यानं बघायचा.”

एकदा मी तिला पकडलंच. सगळी गोष्ट ती पोर म्हातारपणी सांगतेय. “म्हणजे मरत नाय ती. मग भ्यायचं कशाला?”

नात हसली नाय. म्हणाली, “मरते का हे बघायचंच नाय, आजा. काय काय देऊन जगली ते बघायचं.”

मला ते पटलं नव्हतं. मी तसं बोललोही.

मग नातीच्या रक्तातच दुखणं निघालं. हॉस्पिटलात तिच्या हातात पुस्तक ठरंना. म्हणाली, “आजा, आता तू वाच. हुंकार मी देते.” चारचौघांत अक्षर जुळवत वाचायची मला लाज. तरी वाचलं, बोट ठेवून.

“तू असा वाचलास तर राक्षस दमून खाली बसंल,” ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरची बाई हसली.

शेवटचा दरवाजा आला. मी वाक्य वाचायचो, थांबायचो, ती ‘हुं’ म्हणायची. मग नुसते ओठ हलायचे. मग तेही नाय. मला वाटलं, डोळा लागला. पुस्तकात तिचीच खुणेची भाताची काडी घातली नि मिटलं. आधी मला तो वास आला, ओल्या राखेचा. मग नर्स धावली.

काडी अजून तिथंच हाय. सून म्हणते, “बाबा, मी वाचून दाखवते, चार पानं तर राहिलीत.” मी नको म्हणतो. ती म्हणते, तुम्ही हट्टी हाव. हाय मी.

परवा शेलूहून नातीची मैत्रीण आली. तिनंही त्याच पुस्तकावर लिहिलेलं. पडवीत बसली, डोळे पुसले, म्हणाली, “आजोबा, शेवट सांगू का?”

तिच्यापुढं कप सरकवला. म्हणालो, “चहा घे पोरी. निवतोय.”