दाभणीच्या खिडकीतलं कापड

शिडं शिवणाऱ्या त्या बाईला सारं बंदर 'दाभण' म्हणायचं. हातात सदा दाभण असते म्हणून, असं तिच्या तोंडावर सांगत. पाठ वळली की आपल्या जिभेकडे बोट दाखवत. अंगाने बुटकी आणि काटकुळी, पण जाड कापडातून दोरा ओढायला बसली की शेजारचे कारागीर मुकाट्याने सरकून बसत.

राष्ट्रीय दिनाची सुट्टी तिला डोळ्यासमोर नको व्हायची. त्या दिवशी उंच डोलकाठ्यांची जहाजं सगळी शिडं उघडून बंदरासमोरून एकामागून एक जायची आणि रिकामटेकडं गाव धक्क्यावर लोटायचं. "उन्हात करपून मरा," ती खिडकीतून पुटपुटली. खाली बॅण्ड केकाटत होता. तिच्याच हातची शिडं वाऱ्यावर मिरवत होती आणि तिला एकाचंही कौतुक नव्हतं.

बंदराची एक रीत होती. ज्याचं माणूस जहाजावर, त्या घराने खिडकीबाहेर शिडाचं पांढरं कापड सोडायचं. डोलकाठीच्या आडव्या काठीवर उभा असलेला खलाशी आपली खिडकी शोधतो, कापड दिसलं की टोपी काढून घराला सलाम करतो. एका वर्षी दाभणीने मोठ्या हौसेने गल्लीतलं सगळ्यात लांब कापड सोडलं होतं. नवऱ्याने टोपी काढली, वर लाडात येऊन दोरावरचा दुसराही हात हलवला, आणि खाली आला. मोडक्या कण्याने तो याच खोलीत छताकडे बघत पडून राहिला, आणि एक दिवस गेला. ती शिडं शिवतच राहिली. पोटाला कुठे राग कळतो?

आणि आता त्याच जहाजावर तिचा मुलगा होता. थोरल्या दिराने आपल्या ओळखीने आधी नवऱ्याला चिकटवला होता, तसाच आता पोरालाही चिकटवला. तेव्हापासून तिने दिराशी, जावेशी आणि मुलाशीही अबोला धरला होता. मिरवणूक संपली की जहाज तसंच लांबच्या सफरीवर निघणार होतं. जाताना पोराने उंबऱ्यात विचारलं होतं, "आई, कापड लावशील ना?"

"काकूला सांग तुझ्या," एवढंच ती बोलली. कापड नसेल तर त्याचा हात दोरावरून सुटणार नाही, हे मात्र बोलली नाही.

दारावर थाप पडली आणि उत्तराची वाट न बघता थोरली जाऊ आत आली. ती याच मजल्यावर पलीकडे राहायची. तिच्या घराला समुद्राकडची खिडकी नव्हती. तिच्या काखेत पांढऱ्या कापडाची घडी होती.

"अगं, जहाज वळणावर आलंय. बाजूला हो, मी लावते."

"हात लावून बघा खिडकीला."

"पोर सातासमुद्रापार चाललंय. घराचा आशीर्वाद नको त्याला?"

"तुमच्या नवऱ्याने दिलाय की आशीर्वाद, नोकरीसकट! माझं एक माणूस खाल्लंत, आता दुसरं."

"जीभ आवर. पडला तो त्याच्या नशिबाने. आमच्यावर का खापर फोडतेस?"

जाऊ तिला ढकलून खिडकीकडे सरकली. दाभणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईने इथे उभं राहून तिच्या पोराला हात हलवायचा? बघू तर दे हिला! तिने खिडकीशेजारचा दोर हिसडला. मावळतीचं ऊन अडवायला बाहेर गुंडाळून ठेवलेला पडदा धाडकन खाली सुटला आणि खोलीत अंधार झाला.

"आता बघा समुद्र!" ती म्हणाली.

खाली गल्लीत एकच गलका उठला. "लागलं! दाभणीने कापड लावलं!"

पडदा तिने उरलेल्या शिडाच्या कापडाचा शिवला होता. पांढराशुभ्र, खिडकीहून हातभर लांब. इतकी वर्षं तो तिच्या लेखी नुसता पडदा होता.

पडदा आता वर ओढावा, तर पोर बघायला वाकेल. खाली राहू द्यावा, तर टोपी काढेल. तिने दोर हातात तसाच धरून ठेवला.

"जाऊबाई," ती कशीबशी म्हणाली, "न्हाणीघराच्या समुद्राकडच्या झरोक्यातून बघा. माझा हात पोचत नाही तिथे."

जाऊ तिच्या तोंडाकडे बघून आत गेली. बादली उपडी करून वर चढली.

"दिसला. मधल्या डोलकाठीवर आहे. वाळलाय गं."

"वाळणारच! तुमच्या—" दाभणीने वाक्य गिळलं. "टोपी?"

"काढली."

"आणि दुसरा हात?"

जाऊ गप्प झाली. जन्मात कधी गप्प न बसलेली बाई, नेमकी आत्ताच.

"अहो, दुसरा हात!"

"थांब, शीड आडवं आलंय... हां. दोरावर आहे. घट्ट धरलाय."

"खरं सांगताय ना?"

"तुझ्याशी खोटं बोलायला मला काय हौस आली?"

दाभण दोर न सोडता भिंतीला टेकून खाली बसली. पडद्यापलीकडे तिचं पोर चाललं होतं आणि तिला ते दिसत नव्हतं.

"उतरू का?" जावेने आतून विचारलं. "मान अवघडली."

"उतरू नका," दाभण म्हणाली. "जहाज दिसेनासं होईपर्यंत बोलत राहा, जाऊबाई. काहीही बोला."