मुठीतला आकडा

शरदकाकांवर मी लिहावं, हे धाडसच आहे. पुलगावात त्यांना आयुष्यभर ओळखणारी माणसं आहेत. माझी त्यांची ओळख मी कॉलेजात आल्यानंतरची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही लिहायची सवयही नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण काका ज्या एका बातमीची वाट पाहत होते, ती वाट त्यांच्यासोबत मीही पाहिली, म्हणून लिहितो आहे.

दिवाळीनंतर कापूस वेचायला मी गावी, आंजीला गेलो होतो. शेतातच काकूंचा फोन आला. "तुये काका गेले रे बाबू... दुकान उघडलं, खुर्चीत बसले, अन् गेले." मी ओटीतला कापूस तसाच घेऊन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसलो. मनात पहिला विचार आला तो आम्ही दोघं रोज पाहत होतो त्या ताऱ्याचा. आता त्याचं काय?

काकांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. फळ्यावरचं दिसेना म्हणून मी तिथं गेलो, तर चष्मा हाती देऊन, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट करत ते म्हणाले, "संध्याकाळी येजो. हा तक्ता काईच नाई, खरा तक्ता वर हाय." त्या संध्याकाळी दुकानावरच्या घराच्या गच्चीवर त्यांनी मला दुर्बीण धरायला शिकवली. जुनी, दोन डोळ्यांची, जड दुर्बीण. कुठं नवतारा सापडल्याची बातमी आली की काका रोज अंधार पडताच तो पाहायचे, आजूबाजूच्या ओळखीच्या ताऱ्यांशी ताडून त्याच्या तेजाचा आकडा ठरवायचे आणि निरीक्षकांच्या गटाला कळवायचे. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. आम्ही दोघं असलो की एक नेम होता. ज्यानं त्यानं आपला आकडा तळहातावर लिहायचा, मूठ मिटायची आणि मग दोघांनी एकदम उघडायची. आधी बोलायचं नाही. "तू माह्या तोंडाकडं पाहून आकडा लिवशीन, तर मले दुसरा डोळा काऊन पाहिजे?" असं ते म्हणत.

यंदा दसऱ्याच्या सुमारास श्रवणाच्या ताऱ्याजवळ एक नवतारा सापडला. विझत आलेल्या ताऱ्यावर शेजारच्या ताऱ्याचा वायू साचत जातो आणि एक दिवस भडका उडतो, तो नवतारा. हा लवकरच लालसर दिसू लागला. आमच्या मुठी उघडल्या की माझा तारा रोज काकांच्या ताऱ्यापेक्षा तेजस्वी निघायचा. गटातल्या बहुतेकांचे आकडेही माझ्यासारखेच. काका मात्र म्हणत होते की तारा भराभर उतरतो आहे, मंद होतो आहे. गटातल्या एकानं नम्रपणे लिहिलं, काकांच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला लाल रंग कमी दिसत असेल, आकडे तपासून पाठवावेत. काकू हसू दाबत म्हणाल्या, "साऱ्या गावाले चष्मे लावले, अन् आता लोक यांचाच डोळा तपासून राह्यले!"

काका चिडले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मागं उभं राहून मला पाहताना पाहिलं. "काऊन बे, पोरगी पाहाले आलास का? टक लावून नको पाहू. लाल तारा जितका पाह्यशीन तितका डोळ्यात चढते, अन् उगाच तेजस्वी दिसते. नजर टाक अन् काढ." मी तसं केलं. भरभर, ओझरतं. मूठ उघडली... आकडा काकांच्या आकड्याला येऊन भिडला होता. आम्ही दोघांचे आकडे पाठवले. उत्तर आलं की एकाच गच्चीवरचे दोघं एकमेकांच्या प्रभावाखाली असू शकतात. काकांनी फोन खिशात ठेवला. "जे दिसलं ते पाठवलं. आता ताराच सांगीन."

तारा कसा सांगणार, तेही त्यांनीच समजावलं. भडक्यात बाहेर फेकलेल्या वायूचं कवच आतल्या अतितप्त ताऱ्याचे क्ष-किरण अडवून धरतं. तारा झपाट्यानं उतरत असेल, तर बहुधा ते कवच लवकर विरळ होतं आणि क्ष-किरण लवकर बाहेर पडतात. सावकाश उतरत असेल तर पुष्कळ वाट पाहावी लागते. "आपल्याले दिसणं बंद होईन ना, तवा त्याचे क्ष-किरण अवकाशातल्या दुर्बिणीले दिसतीन. अन् हे लोक म्हणतात त्याच्या किती तरी आधी. पाह्यजो तू."

ते गेल्यानंतर काकूंनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "वर जात राह्य. मले जिन्यावर पावलं ऐकाची सवय हाय." मी जात राहिलो. तारा आता दुर्बिणीतही दिसत नव्हता. अशा वेळी जो सर्वांत मंद तारा दिसतो, त्याचा आकडा लिहून 'याहून मंद' असं कळवायचं असतं. गेल्या आठवड्यात मी तो तळहातावर लिहिला, मूठ मिटून खाली आलो आणि काकूंसमोर उघडली. त्यांनी माझा हात उजेडात धरला. "मले काय कळते त्यातलं? पण अक्षर तुये काका काढत तसंच हाय."

तेवढ्यात फोन वाजला. गटाचा निरोप होता. काकू म्हणाल्या, "वाच मोठ्यानं." मी वाचलं. श्रवणाजवळच्या नवताऱ्याचे क्ष-किरण अवकाशातल्या दुर्बिणीला मिळाले आहेत, अपेक्षेपेक्षा पुष्कळ लवकर. तो वेगानं उतरत असल्याचं पुलगावच्या गच्चीवरून वेळेत कळवलं गेलं होतं. ते आकडे बरोबर होते.