गळक्या खोलीची गोष्ट

आमचं बोर्डिंग संस्थानकाळातलं. पुढं दगडी शाळा, मागं मुलांच्या खोल्या, मधल्या चौकात चिंच. शिरोळकडच्या शेतकऱ्यांची कितीतरी पोरं इथं राहून शिकली, त्यात मी आणि माझा खोलीतला दोस्त. एकाची पंगत चुकली तर दुसऱ्यानं त्याचं ताट झाकून ठेवायचं, हा आमचा नियम. दहावीपर्यंत तो दोघांनीही मोडला नाही.

तोच दोस्त आता बोर्डिंगचा अध्यक्ष आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला. "माजी विद्यार्थ्यांचा मेळावा हाय. जुन्या आठवणींचा व्हिडिओ करतोय. तुझ्याशिवाय कोण सांगणार? ये की!"

मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढलो. त्याच खोलीत बसवून, मोबाइल धरून त्यानं मला बोलतं केलं. मीही तिखटमीठ लावलं. छप्पर असं गळायचं, की कॉटवर बादली आणि कॉटखाली परात. भिंतीला टेकलं की अर्धी भिंत पाठीला चिकटून यायची. तो पोट धरून हसत होता. मग मी सांगितलं, एका पावसाळ्यात त्याला ताप भरला, तेव्हा एकुलत्या कोरड्या कोपऱ्यात त्याला निजवून आम्ही बाकीचे भिजत बसलो होतो. त्यानं डोळे पुसले.

मेळाव्यात पडद्यावर मी दिसलो. बादली, परात, भिंत. सगळे हसले. तापाचं, कोपऱ्याचं काहीच नव्हतं. व्हिडिओ संपताच तो उठला. माईकवर त्याची भाषाही शुद्ध झाली होती. "पाहिलंत? आपलाच माणूस सांगतोय. ही धोकादायक इमारत पाडून इथं व्यापारी संकुल बांधू. मुलांची सोय करू कुठंतरी. मंजूर?"

मी "अरे, थांबा" म्हणेपर्यंत हात वर झाले, टाळ्याही पडल्या.

बाहेर त्याला गाठलं. "माझ्याच तोंडानं बोर्डिंग पाडलंस की रं!"

"मग तू खोटं बोललास व्हय? छप्पर गळत न्हवतं?"

गळत होतं. पण अलीकडंच आम्ही दोघांनी उभं राहून सगळी कौलं बदलून घेतली होती, हे त्याला माहीत नव्हतं थोडंच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चपला घालून फाटकाकडं निघालो.

मागनं हाक आली, "आरं, जेवून तरी जा! तुझं ताट झाकून ठेवायला सांगितलंय."

हे म्हणायला त्याची जीभ कशी रेटली? मी उपाशीच घरी आलो.