बोट सुटायला अजून तास होता

डब्लिनहून निघालो तेव्हा अंगणात बर्फ होतं आणि आमच्या बॅगेत सुती कपडे. हे डब्लिन अमेरिकेतलं, ओहायो राज्यातलं. आमचा निखिल तिथं एका विमा कंपनीत संगणकाचं काम करतो. ऑक्टोबरपासून मी आणि कुसुम त्याच्या घरी होतो. अकोल्याच्या मित्रांनी प्रवासाचं लिहून आणा म्हणून बजावलं होतं, पण खिडकीतून समोरच्याचं गॅरेज पाहणं म्हणजे काही प्रवास नव्हे. म्हणून डिसेंबरात निखिलनं कॅरिबियन क्रूझची तिकिटं काढली तेव्हा मी निदान वहीपुरता खूश झालो.

क्रूझ ही लाच होती, हे आधीच सांगून टाकतो. सूनबाई प्राचीला मे महिन्यात बाळ होणार होतं. तिला आई नाही. आमचं परतीचं तिकीट जानेवारीचं. "बाबा, मुदत एक्स्टेंड करता येते. बोटीवर शांतपणे विचार करा, परत आलो की सांगा," निखिल म्हणाला. माझा विचार झालेला होता. दोघांनीही जानेवारीत परत जायचं. कुसुमला हे मी सांगितलं नव्हतं, कारण त्यात तिला सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

फ्लोरिडातून बोट सुटली. बोट कसली, आमच्या कॉलनीत मावली नसती. तिच्यावर माणसं जेवतात, आणि जेवण झालं की जेवायला जातात. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर वेटर तोच पास्ता रोज नव्या नावानं आणायचा आणि आवडला का म्हणून काळजीनं विचारायचा. आदल्या संध्याकाळी सभागृहात 'बंदरावर काय अपेक्षा ठेवाल' असं व्याख्यान होतं. व्याख्यात्या बाईंनी बेटाचा इतिहास दोन मिनिटांत उरकला आणि हिऱ्यांकडे वळल्या. इतिहास संपला तसा मी उठलो. कुसुम शेवटपर्यंत बसली. तिला फुकटचं काही अर्धवट सोडवत नाही.

सकाळी डोळे उघडले तर समोर सेंट थॉमस. हिरव्या टेकड्या, लाल छपरं, आणि पाण्याचा रंग असा की निखिलच्या कॅमेऱ्यानंही त्यात काही भर घातली नसती. बेट अमेरिकेचंच, पण गाड्या डावीकडून चालतात. हे पाहून मला उगाचच माहेरी आल्यासारखं वाटलं. मुलं, म्हणजे निखिल आणि प्राची, समुद्रकिनाऱ्यावर गेली. आम्ही दोघं गाव पाहायला 'सफारी'त (मालट्रकवर बाकं टाकून वर छप्पर केलेली टॅक्सी) बसलो. साडेचारला बोटीवर हजर राहायचं, असं निखिलनं तीनदा सांगितलं होतं.

गाव म्हणजे एक लांब रस्ता आणि दोन्ही बाजूंना दागिन्यांची दुकानं. पूर्वी ही गोदामं होती म्हणे. एका दारातून हाक आली, "आइए अंकल, सिर्फ देखिए!" मालक उल्हासनगरचा सिंधी निघाला. इतक्या लांब येऊनही आमचं नशीब उल्हासनगरच्या पुढं सरकलं नव्हतं. त्यानं आम्हाला गार पाणी दिलं आणि कुसुमच्या हातात एक अंगठी ठेवली.

"बोट किती वाजता जाते?" त्यानं विचारलं.

"साडेचार."

"मग दोन वाजेपर्यंत ठरवा. दोननंतर गिऱ्हाईक पळायच्या तयारीत असतं, भाव नीट करत नाही."

कुसुमनं अंगठी परत दिली आणि पाण्याबद्दल त्याचे आभार मानले. आम्ही बाहेर पडलो.

रस्त्याच्या टोकाला जुन्या लोखंडी छपराखाली भाजीबाजार होता. तिथं गर्दी नव्हती, कारण व्याख्यानात त्याचं नाव नव्हतं. कुसुम एका टोपलीपुढं थबकली. "अहो, अंबाडी!" खरंच, अंबाडीची लालभडक बोंडं. मी विक्रेत्या बाईंना विचारलं, "हाऊ मच?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शाळेतल्या बाईंसारखं सावकाश म्हटलं, "गुड आफ्टरनून." मी पुन्हा भाव विचारला. पुन्हा गुड आफ्टरनून. तेवढ्यात कुसुमनं सवयीनं हात जोडले आणि आपल्या इंग्रजीत "गुड आफ्टरनून" म्हणाली. बाई एकदम हसल्या. या बेटावर आधी रामराम, मग व्यवहार. बंदरावर उतरणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, हिऱ्यांचं नंतर पाहता येईल.

बाईंचं नाव ग्लोरिया. इकडे अंबाडीला सॉरेल म्हणतात आणि नाताळात तिचं आलं-लवंग घातलेलं सरबत करतात. कुसुमनं पाला कुठं आहे ते खुणेनं विचारलं. पाला आम्ही टाकून देतो, ग्लोरियाबाई म्हणाल्या. कुसुमच्या चेहऱ्यावर खरं दुःख उमटलं. मग तिनं कण्या, तुरीची डाळ, लसणाची फोडणी असं सगळं हातवारे करून सांगायला सुरुवात केली. निम्मं मराठी, निम्मं हवेत. ग्लोरियाबाई मधूनमधून "येस, डार्लिंग" म्हणत होत्या. तीन महिन्यांत कुसुमला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. मी आपला खांबाला टेकून उभा राहिलो.

सहज भिंतीवर नजर गेली. घड्याळात सव्वाचार! माझ्या मनगटावर सव्वातीन. माझं घड्याळ जुनं, कधी कधी रेंगाळतं. "कुसुम, चल! बोट!" मी ओरडलो आणि धावत सुटलो. कोपऱ्यावर सफारी निघतच होती, तिच्या पुढच्या बाकावर उडी मारली. मागं पाहिलं नाही. आम्ही रस्त्यानं चालतो ते असेच. मी पुढं, ती चार पावलं मागं. लग्नापासून कधी मागं पाहावं लागलं नव्हतं. ती मागच्या बाकावर बसली असेल, हे मी धरूनच चाललो होतो.

धक्क्यावर उतरलो. मागच्या बाकांवरून टोप्या घातलेले सहा गोरे उतरले. कुसुम उतरली नाही.

मी सुरक्षारक्षकाला सगळं भडाभडा सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, बेटाचं घड्याळ तासभर पुढं असतं. बोट बोटीच्या वेळेनं चालते. अजून तास आहे." तास आहे हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कुसुमजवळ पैसे किती आहेत, हे मला माहीत नव्हतं. टॅक्सीला काय सांगायचं, हे तिला माहीत असेल का, तेही मला माहीत नव्हतं. परत जावं तर ती वाटेत चुकेल, थांबावं तर जीव थाऱ्यावर नाही. मी फार घाबरलो होतो. मोठी बोट डोळ्यांपुढं उभी होती आणि तिच्यावर चढायची मला अजिबात इच्छा नव्हती.

बऱ्याच वेळानं एक सफारी आली. कुसुम उतरली, ड्रायव्हरला मोजून पैसे दिले, थँक्यू म्हणाली. तिच्या हातात लाल सरबताचा कागदी पेला होता.

"अगं, कुठं होतीस!" मी जवळजवळ किंचाळलो.

"तिथंच. तुम्ही सोडलं तिथं. मी दोनदा हाक मारली. बोटीचं घड्याळ वेगळं असतं, त्या बाईंनी व्याख्यानात सांगितलं होतं."

"मला वाटलं, तू मागं आहेस."

"हो. तुम्हाला तसंच वाटत असतं." तिच्या आवाजात राग नव्हता, याचंच मला वाईट वाटलं. तिनं पेला माझ्या हातात दिला. "आधी घाबरले. मग ग्लोरियानं खुर्ची दिली. बसले, गप्पा मारल्या, विचारत विचारत टॅक्सी पकडली. माझं काही अडलं नाही."

मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही जानेवारीत जा. मी प्राचीजवळ थांबते. पोरीला आई नाही. आणि तुम्ही इथं आल्या दिवसापासून बोट सुटायची वाट बघताय."

सरबत आंबट होतं. मी ते सगळं पिऊन टाकलं. रात्रीच्या जेवणाला तिनं मुलांना निर्णय सांगितला. प्राची रडली, निखिलनं केक मागवला, आणि वेटरनं मला माझा पास्ता आणून दिला.

जानेवारीत मी एकटा अकोल्याला परतलो. कॉलनीत सगळ्यांना अमेरिका ऐकायची असते. मी समुद्राचा रंग सांगतो, उल्हासनगरचा दुकानदार सांगतो, लोक पोट धरून हसतात. मग कोणीतरी विचारतं, वहिनी कुठं आहेत? हसणाऱ्यांसमोर मी म्हणतो, मजेत आहेत. घरी आलो की कुलूप मीच उघडतो, आणि दार उघडून बाजूला उभा राहतो, कोणीतरी मागून आत येणार असल्यासारखा.

परवा फोनवर शेवटी सांगून टाकलं, "मला इथं करमत नाही."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग कुसुम म्हणाली, "मग या की. मी कुठं पळून गेलेय?"